घरकुल मार्ट: हप्ते, साहित्याचा हिशोब आणि जोत्याआधीच्या दोन महिन्यांचं भांडवल

ओळंबा

घरकुल मार्टवर स्वतंत्र धागा हवा होता, म्हणून काढतो आहे.

राज्यात २० नोव्हेंबर २०२० पासून महाआवास अभियान (ग्रामीण) सुरू झालं. तालुक्याच्या ठिकाणी डेमो हाउस, गवंडी प्रशिक्षण, भूमिहीनांना जागा, ७० हजारांपर्यंत बँक कर्ज आणि उमेदच्या (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) महिला बचत गटांनी चालवायचं घरकुल मार्ट, असे बरेच उपक्रम त्यात एकत्र आले. बाकीचं बरंचसं कुठल्या ना कुठल्या रूपात आधीही होतं. मार्ट ही खरी नवी गोष्ट, आणि नेमकी तीच अर्धवट समजून घेतली जाते. मार्ट म्हणजे सिमेंट-सळईचं दुकान एवढंच धरलं, तर गावातल्या जुन्या व्यापाऱ्यासमोर ते टिकणार नाही. त्याची मोठी गोदामं, स्वतःचा टेंपो, कंपनीकडून मिळणारी उधारी. गटाकडे यातलं काही नसतं.

मार्टची गरज हप्त्यांच्या रचनेतून येते. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १.२० लाख, डोंगराळ आणि नक्षलप्रभावित भागात १.३० लाख. केंद्र-राज्य वाटा ६०:४०. आपल्याकडे १.२० लाख साधारण असे येतात: मंजुरीनंतर १५ हजार, जोतं झाल्यावर ७० हजार, छतापर्यंतच्या कामावर ३० हजार, घर पूर्ण झाल्यावर ५ हजार. सोबत रोहयोची ९० दिवसांची मजुरी (डोंगराळ भागात ९५) आणि शौचालयाचे १२ हजार. २०२५-२६ चा रोहयो दर ३१२ रुपये, म्हणजे ९० दिवसांचे २८,०८०.

आता पहिल्या १५ हजारांत काय बसतं ते पाहू. योजनेतलं घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, त्यात स्वयंपाकाची जागा धरून. बाहेरून बाहेर १८ × १५ फूट, मधे एक आडवी भिंत, दोन खोल्या, असा साधा नकाशा घ्या. भिंतींची मध्यरेषेवरची लांबी ६३ फूट आणि मधल्या भिंतीची १३.५, मिळून ७६.५ फूट. चर २ फूट रुंद, ३ फूट खोल.

जोत्यापर्यंत लागतं ते असं: चरात ४ इंच पीसीसी (साधं काँक्रीट), ६ ते ७ पोती सिमेंट. डबराचं बांधकाम साडेतीन ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) आत-बाहेर, त्याला १७ पोती. जोत्यावर ९ × ६ इंचाचा काँक्रीटचा पट्टा, साडेसहा पोती, आणि १० मिमीच्या चार सळया व रिंगा धरून ७० किलो लोखंड. आतल्या भरावाला अडीच ते पावणेतीन ब्रास मुरूम. म्हणजे फक्त सिमेंट ३० पोती. पोतं ३५० आणि सळई ६० रुपये किलो धरली, तर सिमेंट १०,५०० आणि लोखंड ४,२०० मिळून १४,७०० रुपये. पहिला हप्ता इथेच संपला. डबर, मुरूम, वाळूची वाहतूक, खणाई आणि गवंड्याची मजुरी अजून बाकी आहे, आणि जोत्याचा फोटो चढल्याशिवाय ७० हजार येत नाहीत.

घरकुलं सगळ्यात जास्त अडकतात ती इथेच. लाभार्थी एक तर सावकाराकडे जातो, नाही तर "सगळं मी करून देतो, पासबुक माझ्याकडे दे" म्हणणाऱ्या ठेकेदाराकडे. योजनेत ठेकेदाराला जागाच नाही, घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं. पण पैशाची ही दोन महिन्यांची फट त्याला आत आणते.

मार्टनं जोत्याचा पूर्ण संच आधी द्यावा आणि ७० हजार आले की पैसे घ्यावेत. जोतं बांधायला तीन आठवडे, फोटो-पडताळणी-एफटीओला (खात्यात पैसे वळते करण्याचा आदेश) तीन ते पाच आठवडे, म्हणजे भांडवल सहा-आठ आठवडे अडकतं आणि वर्षात सहा-आठ वेळा फिरू शकतं. गटाला ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळतं, म्हणजे ३५० च्या पोत्यामागे दोन महिन्यांचं व्याज ४ रुपये. सावकाराचं महिन्याला शेकडा ३ धरलं तर तेच २१ रुपये होतं. मार्टचं सामाजिक मोल या १७ रुपयांत आहे, आणि ते घर वेळेत उभं राहण्यात दिसतं.

पूर्ण घराचं प्रमाणही देऊन ठेवतो. सिमेंट १०० पोत्यांच्या आसपास, विटा सहा ते साडेसहा हजार (मधली भिंतही ९ इंची, कारण स्लॅब तिच्यावर टेकतो), सळई ३ क्विंटल, वाळू साडेचार ते पाच ब्रास, खडी दोन-सव्वादोन ब्रास. घरकुलाला राज्य शासन ५ ब्रास वाळू मोफत देतं, तेवढ्यात हे घर बसतं. वाळू वाया घालवायला मात्र जागा नाही.

वैनगंगेकाठी

मांडणी पटली, पण एक मोठी अडचण तुम्ही सोडलीत. हप्ता लाभार्थ्याच्या खात्यातच जातो, तो परस्पर मार्टकडे वळवता येत नाही, आणि वळवता येऊही नये. मग मार्टनं उधारी दिली आणि ७० हजार आल्यावर आधी दवाखान्याचं बिल किंवा बियाणं आलं, तर मार्टनं काय करायचं? पंधरा लाभार्थी थकले की ३० पोत्यांप्रमाणे साडेचारशे पोती बाहेर. दीड लाखाहून जास्त रुपये. गटाचं अख्खं भांडवल तेवढंच असतं.

दुसरं, मार्टकडूनच माल घ्या अशी सक्ती पंचायत समितीतून व्हायला लागली की तेही चुकीचंच. लाभार्थ्यानं कुठूनही माल घ्यावा.

प्रभागसंघ

सक्तीबद्दल पूर्ण सहमत. उधारीचा प्रश्न मात्र सुटतो, त्यासाठी उधारी मार्टनं द्यायचीच नाही. ती ग्रामसंघानं (गावातल्या गटांचा संघ) द्यायची.

क्रम असा ठेवावा. लाभार्थी किंवा तिच्या घरातली बाई गटाची सदस्य असते. नसेल तर मंजुरीपत्र आल्याबरोबर तिला गटात घ्यावं. घरकुल बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर असणं योजनेतच अपेक्षित आहे, त्यामुळे हे जुळतं. ती गटाकडे अंतर्गत कर्जाची मागणी करते, कारण "घरकुल, जोता संच". गटाचा ठराव होतो, ग्रामसंघ समुदाय गुंतवणूक निधीतून किंवा बँक कर्जातून गटाला रक्कम देतो, आणि तो पैसा मार्टला रोखीत मिळतो. मार्टच्या वहीत उधारीचा रकाना रिकामा. वसुली करणारे तेच लोक, जे दर आठवड्याला तिच्यासोबत बैठकीला बसतात आणि तिचा हप्ता कधी आला हे ज्यांना त्याच दिवशी कळतं.

ओळंबा यांच्या हिशोबात एक दुरुस्ती. ७ टक्के हा बँकेचा गटाला लागणारा दर. गट सदस्याला सहसा महिन्याला १ टक्का किंवा त्याहून जास्त लावतो. १ टक्क्यानं दोन महिन्यांचे ७ रुपये होतात. तरीही सावकाराच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होतं, आणि ते व्याज गटातच राहतं.

परतफेड दोन भागांत लिहावी: ७० हजार आल्यावर बहुतांश, रोहयोच्या मजुरीतून उरलेली. शेवटच्या ५ हजारांवर कुठलीच वसुली ठेवू नये. दार, रंग, वीजजोडणी असली अडलेली कामं त्यावरच पुरी होतात.

ओळंबा

हे जास्त बरोबर आहे. माल आणि जोखीम दोन वेगळ्या वह्यांत गेली की मार्ट हलकं होतं. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस सामाजिक व्यवसायाबद्दल जे सांगतात त्यातली मुख्य अट हीच: तोटा नाही, लाभांशही नाही, नफा त्याच कामात परत. मार्टला ही अट तंतोतंत लागू करता येते. त्या ग्रामीण बँकेनं १९८४ मध्ये घरकर्ज सुरू केलं तेव्हा कर्जासोबत काँक्रीटचे चार खांब, पन्हाळी पत्रे आणि शौचालयाचं भांडं असा ठरलेला संच होता. १९८९ मध्ये त्या कार्यक्रमाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पैसा आणि साहित्य एकत्र देण्यामागची समज तीच.

काळी_माती

वरचा ३ फुटांचा चर मुरमाड जमिनीला ठीक. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात काळी माती असेल तर या संचानं घर तडकणार, आणि दोष मार्टच्या सिमेंटला जाणार. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तडे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपे निघतात.

काय करावं: ४-५ फुटांत मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत खणा. खणलेली काळी माती परत भरायची नाही, ना चरात ना जोत्याच्या आत. चराच्या दोन्ही बाजूंना आणि जोत्यात मुरूमच, ६-६ इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुमसानं ठोकून. जोत्याचा पट्टा सोडायचा नाही, आणि दारा-खिडक्यांवर तुटक लिंटेल न टाकता छज्जा पातळीलाही सलग पट्टा फिरवायचा. घराभोवती अडीच-तीन फुटांचा उताराचा कोबा करा, म्हणजे छपराचं पाणी पायाशी मुरत नाही. शौचालयाचा शोषखड्डा पायापासून लांब. मुरूम ५ फुटांतही लागला नाही तर हा संच देऊच नका, ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याकडून पाया ठरवून घ्या.

कोकणात उलट. जांभा असल्यानं विटांचा प्रश्नच नाही, चिरा वापरतात. तिथे मार्टनं विटा ठेवून उपयोग नाही. चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी अशा औष्णिक केंद्रांच्या आसपास फ्लाय अॅशच्या विटा मिळतात. तिथे वाहतुकीचं अंतर बघून त्या घ्या. एक संच सगळ्या महाराष्ट्राला चालणार नाही.

गोदामपाल

सिमेंटच्या साठ्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि मार्ट बुडतं ते बऱ्याचदा तिथे. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्श्यानं उतरते, पावसाळी हवेत त्याहून लवकर. म्हणून:

पोती जमिनीवर नाहीत, ६ ते ८ इंच उंच फळ्यांवर. भिंतीपासून एक फूट सोडून. एकावर एक दहापेक्षा जास्त नाहीत, खालच्या पोत्यात दाबानं गाठी होतात. पोत्यावर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, ते घेतानाच वहीत टिपायचं. आधी आलेलं आधी जायला हवं, यासाठी थप्पी दोन बाजूंनी लावा. एका बाजूनं भरती, दुसऱ्या बाजूनं विक्री.

जूनच्या आधी साठा जवळपास शून्यावर आणा. पावसाळ्यात जोत्याची कामं थांबतात, मागणी दसऱ्यानंतर येते. एप्रिल-मेमध्ये कंपनीची योजना बघून दोनशे पोती भरून ठेवणारं मार्ट सप्टेंबरमध्ये गाठी फोडत बसतं.

वाहतूक: छोटा हत्ती पाऊण टन उचलतो, म्हणजे १५ पोती. जोत्याच्या ३० पोत्यांना दोन खेपा. दीड टनाच्या पिकअपमध्ये ती ३० पोती एका खेपेत बसतात. म्हणून एका वाडीतल्या दोन-तीन घरांची जोती एकाच आठवड्यात निघतील अशी तारीख गटांनी मिळून ठरवली, तर मोठी गाडी एकदाच लावता येते आणि भाडं कमी होतं. व्यापाऱ्यापेक्षा मार्ट इथे खरोखर वरचढ ठरू शकतं. कोणाचा हप्ता कधी येणार आणि कोणाचं जोतं कधी निघणार, हे त्याला आधीच माहीत असतं.

सळई नगावर विकू नका, वजनावर विका. १२ मीटरची सळई: ८ मिमी ४.७४ किलो, १० मिमी ७.४, १२ मिमी १०.६६. घेताना दहा सळया काट्यावर टाका. थोडी घट मानकात मान्य आहे, पण ८ मिमीला सात टक्क्यांहून जास्त घट भरली तर माल परत.

रेषा_आणि_रुपया

कराचं सांगते. फक्त मालाची खरेदी-विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. वरच्याच दरानं एका घराचं १०० पोती सिमेंट आणि ३ क्विंटल सळई धरली तर ५३ हजार होतात. म्हणजे ७५ घरं पुरवली की ३९.७५ लाख. मोठ्या तालुक्यात ही मर्यादा एका हंगामात ओलांडली जाते. त्यानंतर कंपोझिशन योजना घेता येते, उलाढालीवर १ टक्का कर, दीड कोटीपर्यंत. पण मग खरेदीवरच्या कराचं क्रेडिट (वजावट) मिळत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. लाभार्थ्याला तसंही क्रेडिट नको असतं, त्यामुळे मार्टला हे सोयीचं.

सावध राहायची जागा विटा. गटानं फ्लाय अॅशच्या किंवा मातीच्या विटा विकल्या तर नोंदणीची मर्यादा २० लाखांवर येते, आणि त्या स्वतः बनवल्या तर कंपोझिशनही मिळत नाही. म्हणून विटांचं उत्पादन आणि विक्री एका गटाची आणि मार्ट दुसऱ्या गटाचं, असं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा. नंतर वेगळं करणं फार कटकटीचं होतं.

सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरानं काढलेली अंदाजपत्रकं डेमो हाउसच्या भिंतीवर अजून लटकत असतील, तर ती बदलून घ्या.

वैनगंगेकाठी

ग्रामसंघाचा मार्ग पटला. आता अशी प्रकरणं, जिथे जोतं झालं, फोटो चढला, तरी ७० हजार आले नाहीत किंवा हातात पडले नाहीत. ग्रामसंघाचं कर्ज तिथेच फसतं.

खिडकी_क्रमांक_३

याची कारणं ठरलेली आहेत. मंजुरीच्या वेळीच तपासली तर बहुतेक टळतात.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. ज्या बँकेत आधार सगळ्यात शेवटी जोडलं, तिथे. लाभार्थ्यानं अर्जात जिल्हा बँकेचं पासबुक दिलं आणि मधे मोबाइलवर एखादं नवं खातं उघडलं, तर हप्ता त्या नव्या खात्यात जाऊन पडतो. तिला वाटतं आलाच नाही. कोणत्या बँकेत आधार जोडलेलं आहे हे आधारच्या संकेतस्थळावर बघता येतं. जोता संच देण्याआधी ग्रामसंघानं ते बघायलाच हवं.

दुसरं, पूर्ण केवायसी नसलेली जनधनची छोटी खाती. अशा खात्यात ५० हजारांच्या वर शिल्लक आणि वर्षाला १ लाखाच्या वर जमा चालत नाही. सरकारी अनुदानाच्या जमेला शिल्लक मर्यादा आड येत नाही, पण महिन्याला १० हजारच काढता येतात. ७० हजार दिसतात आणि विटावाल्याला द्यायला सात महिने लागतात. आधार आणि पॅन किंवा फॉर्म ६० (पॅन नसल्याचं घोषणापत्र) देऊन खातं नियमित करून घेणं हे एका दिवसाचं काम आहे, ते पाया खणायच्या आधी उरकावं.

तिसरं, नावातला फरक. आधारवर माहेरचं नाव, जॉबकार्डवर सासरचं. हप्ता येतो पण मजुरी अडकते. जॉबकार्डवर लाभार्थ्याचं नाव नसेल तर हजेरीपत्रकच निघत नाही, आणि काम झाल्यावर मागच्या तारखेची मजुरी मिळत नाही. ९० दिवसांचे २८ हजार बुडण्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच.

चौथं, जागा. जिओटॅगिंग (फोटोसोबत जागेचं स्थान नोंदवणं) करताना सध्या राहतं घर आणि बांधायची जागा, दोन्हींचे फोटो घेतले जातात. पुढे भावकीत वाटणी होऊन जागा सरकली तर जोत्याचा फोटो जुळत नाही. जागेचा वाद असेल तर मंजुरीनंतर थांबा, पण खोटी जागा टॅग करू नका.

सांजवात

ज्यांना जागाच नाही त्यांचं काय? घरकुलाच्या 'ब' यादीत किंवा नंतरच्या आवास प्लस सर्वेक्षणाच्या 'ड' यादीत नाव असूनही हे लोक मागे राहतात.

खिडकी_क्रमांक_३

पंडित दीनदयाळ उपाध्याय जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना त्यांच्यासाठीच आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला आधी ५० हजार मिळायचे, २०२४ मध्ये ते १ लाख झाले. रस्त्यालगतच्या गावांत ही रक्कमही पुरत नाही. पाच-सहा लाभार्थ्यांनी मिळून एकच तुकडा घेतला तर दर उतरतो, आणि अभियानात गृहसंकुल व बहुमजली घरकुलांना जागा आहे. गायरानावर मात्र विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर तिथली अतिक्रमणं नियमित होणं अवघड झालं आहे.

धुमस

माझा अनुभव नाही, निरीक्षण सांगतो: जोत्यावर जेवढी घरं अडतात तेवढीच छज्जा पातळीवर अडतात, आणि तिथे हप्त्याचा दोष नसतो. घर मोठं काढलेलं असतं. ७० हजार हातात आल्यावर २६९ चं ५०० चौरस फूट होतं. भिंतींचं काम लांबीच्या हिशोबानं वाढतं, ते कसंबसं निभावतं. स्लॅब क्षेत्रफळानं वाढतो. १८ × १५ चा ४ इंची स्लॅब कडेच्या बाहेर काढलेल्या भागासह २३ पोत्यांत होतो. ५०० ला ४० च्या पुढे, शिवाय गाळा मोठा झाला की जाडी आणि सळई दोन्ही वाढतात. मग भिंती उघड्या, वर ताडपत्री.

यावर उपाय नकाशात आहे. वाढवता येईल असं घर आधीच आखावं. जिकडे पुढे खोली येणार त्या बाजूच्या पट्ट्यातून सळया दीड फूट बाहेर ठेवाव्यात, त्यांना सिमेंटचा लगदा फासून प्लॅस्टिक गुंडाळावं, आणि त्या भिंतीत खिडकी दाराच्या रुंदीची ठेवावी. उद्या खिडकीखालची भिंत काढली की दार तयार.

स्लॅबच्या दिवशीच्या चुकाही इथेच लिहितो. एका पोत्याला २५ ते २७ लिटर पाणी, त्याहून जास्त नाही. मिक्सरवाला नळी सोडून देतो आणि काँक्रीट पातळ होतं. सळईखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक, खडीचे तुकडे नकोत. ८ मिमीचा जोड दीड फुटाचा. पाणी साधारणपणे पीपीसीला (राखमिश्रित सिमेंट) किमान १० दिवस, उन्हाळ्यात १४. टेकूही पीपीसीला १४ दिवस राहू द्या. सेंटरिंगवाल्याला दुसरीकडे फळ्या हव्या असतात म्हणून तो आठव्या दिवशी येतो, त्याचं भाडं ठरवतानाच दिवस लिहून घ्या.

ओळंबा

धुमस, गवंडी प्रशिक्षणाचा उपयोग इथे होतो. ते ४५ दिवसांचं असतं आणि प्रत्यक्ष घरकुलावर होतं. प्रशिक्षणासाठी निवडलेलं घर मार्टच्याच वाडीतलं असेल तर गवंडी, साहित्य आणि पाहणारे लाभार्थी एकाच ठिकाणी येतात. बाया गवंडीकाम शिकल्या तर फारच चांगलं. केरळमध्ये १९९८ पासूनच्या कुडुंबश्रीनं महिलांचे बांधकाम गट उभे केलेत, त्यांनी सरकारी योजनेतली घरं बांधली आहेत. आपल्याकडेही पूर्वपीठिका आहे: ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात हजाराहून जास्त गावांत महिला मंडळं संवाद सहायक होती, घरांच्या मजबुतीकरणाची माहिती घरोघर त्यांनी नेली. उमेदच्या गटांना हे काम नवं म्हणून देताना तो वारसा प्रशिक्षणात सांगितला जायला हवा.

सोलापुरी_चादर

शहरी बाजूची एक नोंद. सोलापूरजवळ कुंभारीत रे नगर, असंघटित कामगारांची ३० हजार घरं, त्यातल्या १५ हजारांचं वाटप १९ जानेवारी २०२४ ला झालं. तिथे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख असे अडीच लाख अनुदान आणि उरलेलं लाभार्थ्याचं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार यांनी संघटित होऊन घरं मागितली आणि स्वतःच्या संस्थेमार्फत उभी केली. ग्रामीण मार्टला यातून घेण्यासारखं काय, तर एकत्र खरेदी. लाभार्थी सुटा असला की त्याला दुकानाचा भाव मिळतो, ३० हजारांची मागणी एकत्र आली की कारखान्याचा.

प्रभागसंघ

एकत्र खरेदीच्या दिशेनं प्रभागसंघ (ग्रामसंघांचा संघ) जाऊ शकतो. एका प्रभागात हंगामाला १०० घरकुलं असतील तर १० हजार पोती आणि ३०० क्विंटल सळई ही मागणी आहे. ती ऑक्टोबरमध्ये लेखी मांडून तीन विक्रेत्यांकडून दर मागवावेत, टप्प्याटप्प्यानं माल उचलण्याची अट घालून. एकदम उचलू नये, गोदामपाल यांनी कारण वर दिलंच आहे.

राज्यानं २०२५ मध्ये आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातल्या दर घराला ५० हजार वाढवलेत, ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेला. त्यामुळे मार्टनं आता स्लॅब घालतानाच सौर पॅनलच्या पायांसाठी बोल्ट आणि वायरची नळी संचात धरावी. नंतर स्लॅबला भोक पाडलं की गळती सुरू होते.

रेषा_आणि_रुपया

शेवटी मार्ट कमावतं कशावर, हे स्पष्ट लिहून ठेवू. सिमेंट आणि सळईवर उरणारे पैसे हमाली, भाडं आणि काट्यातच जातात. हा माल ठेवायचा तो लाभार्थी दारात यावा म्हणून. कमाई गटांनी स्वतः बनवलेल्या वस्तूंवर: सिमेंटच्या चौकटी, जाळ्या, कव्हर ब्लॉक, शोषखड्ड्याच्या रिंगा, झाकणं. एका घराला दोन-तीन चौकटी, तीन जाळ्या, शंभराच्या वर कव्हर ब्लॉक लागतात. कच्चा माल स्वस्त, बाकी सगळी मेहनत.

चौकटीत दोन चुका होतात. साचा दुसऱ्या दिवशी उघडून चौकट उभी करून ठेवतात, त्यामुळे ती वाकते. किमान तीन दिवस आडवी, सपाट जागेवर राहू द्या आणि १४ दिवस पाण्याखाली किंवा ओल्या पोत्याखाली ठेवा. आणि बिजागऱ्यांसाठी लाकडी गुट्टे ओततानाच बसवा, नंतर ड्रिल केलं की कोपरा फुटतो. कव्हर ब्लॉक १:२ च्या मिश्रणात, बांधायची तार ओलं असतानाच खोचून, २० आणि २५ मिमीचे वेगळे डबे आणि वेगळे रंग. स्लॅबला २०, पट्ट्यांना २५. दोन्ही एकत्र झाले तर गवंडी हाताला येईल तो लावतो.

वैनगंगेकाठी

कव्हर ब्लॉकला रंग म्हणजे मिश्रणातच टाकायचा का? वरून लावला तर घासून जाईल.

रेषा_आणि_रुपया

मिश्रणातच. लाल ऑक्साइड, सिमेंटच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के, फक्त २५ मिमीच्या घाण्यात. २० मिमीचे करडेच राहू द्या. एक पोतं सिमेंटला दीड ते अडीच किलो ऑक्साइड पुरतं, आणि ते आधी कोरड्या सिमेंटमध्ये चाळून घ्यायचं, नाही तर ठिपके येतात.